रक्ताकडे पुन्हा वळलेला शास्त्रज्ञ

रक्तदान करून आल्यावर हातात जे कार्ड पडते, त्यावर 'बी पॉझिटिव्ह', 'ओ निगेटिव्ह' असे दोन शब्द असतात. या दोन शब्दांमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे आणि ते अंतर एकाच माणसाने पार केले, हे सहसा कुणाला ठाऊक नसते. त्या माणसाचे नाव कार्ल लँडस्टायनर. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, आज जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

ऑस्ट्रियात १८६८ साली जन्मलेल्या कार्लचे वडील पत्रकार होते. मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते वारले आणि आईने त्याला वाढवले. १८९१ मध्ये कार्ल डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटण्याऐवजी रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडले. पुढे व्हिएन्नात परतून त्यांनी दहा वर्षांत साडेतीन हजारांवर शवविच्छेदने केली. वेळ मिळेल तेव्हा प्रयोगशाळेत बसत.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे निव्वळ जुगार होता. कुणी वाचे, तर कुणी थंडी भरून, तडफडून मरे. असे का होते, हे कुणाला सांगता येत नव्हते. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, एकाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. त्यावरून १९०१ मध्ये त्यांनी रक्ताचे तीन गट मांडले. चौथा, 'एबी', पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांना सापडला.

एवढ्या मोठ्या शोधाची दखल मात्र लगेच घेतली गेली नाही. रक्त आधी जुळवून मगच द्यायचे, ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९०७ च्या सुमारास सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धाने तिची निकड पटवली. त्या युद्धानंतर व्हिएन्नात अन्नाची आणि कोळशाची भ्रांत पडली. लँडस्टायनर पन्नाशी उलटल्यावर घर सोडून हॉलंडला गेले, तिथल्या एका छोट्या रुग्णालयात तपासण्या करत राहिले आणि मग अमेरिकेला पोचले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एखादा तिथे थांबला असता. हे गृहस्थ पुन्हा रक्ताकडेच वळले. १९४० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी ऱ्हीसस घटक जाहीर केला. कार्डावरचा 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' तो हाच. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

त्यांच्या मागे नऊ वर्षांनी, १९५२ साली, मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांना या चारही गटांत न बसणारे रक्त आढळले. जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणते. अशा रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते. तसे लोक आपल्याकडे दहा हजारांत एखादाच. त्यामुळे त्याच मूठभर दात्यांना पुन्हा पुन्हा हाक मारावी लागते.

दुर्मिळ गटाचे जे खरे, ते तुमच्या-आमच्या साध्या गटाचेही खरे आहे. वसई, नालासोपारा, विरारला सणावारी, राष्ट्रीय दिनाला मंडळे शिबिर भरवतात, तरुण मुले-मुली रांग लावतात. पण नेहमीच्या पिशवीतल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस. थॅलेसेमियाच्या बाळाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. महामार्गावरचा अपघात किंवा अडलेले बाळंतपण तर मुहूर्त पाहून येतच नाही. सणाच्या दिवशी भरलेले शीतकपाट मे महिन्याच्या सुट्टीत रिकामे पडते, ते यामुळेच.

म्हणून पहिल्यांदा रक्त देणाऱ्याचे कौतुक करावे आणि दुसऱ्यांदा येणाऱ्याची वाट पाहावी. पहिल्या खेपेला सुईची भीती असते, घरच्यांची काळजी असते. दुसऱ्या खेपेला ती बरीच ओसरलेली असते. अशक्तपणाची शंका असेल तर एवढे लक्षात घ्यावे, की गेलेला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो. पेशींना काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिने थांबायचे. हिमोग्लोबिन साडेबारा आणि वजन किमान ४५ किलो हवे. ते तिथेच तपासतात. हिमोग्लोबिन कमी भरले तर पालेभाज्या, कडधान्ये खाऊन, डॉक्टरांचा सल्ला घेऊन पुन्हा यावे.

घरात कुणी पहिले रक्तदान केले असेल, तर त्याचे कार्ड कपाटात ठेवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन-चार महिन्यांपुढच्या एका तारखेला खूण करून टाका.