घरट्यांचा पहिला छायाचित्रकार

पक्षी-छायाचित्रणाचा श्रीगणेशा करू पाहणाऱ्यांनी रिचर्ड किअर्टन यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या थ्वेट या खेड्यात १८६२ साली त्यांचा जन्म झाला. बालपणी घरटी शोधताना झाडावरून पडून त्यांचा एक पाय कायमचा अधू झाला; पक्ष्यांची ओढ मात्र ओसरली नाही. पुढे ते लंडनच्या कॅसल प्रकाशनसंस्थेत रुजू झाले. एप्रिल १८९२ मध्ये त्यांनी धाकटे बंधू चेरी यांच्यासह साँग थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे, आतील अंड्यांसह, छायाचित्र टिपले. तेव्हाचे कॅमेरे अवजड, काचेच्या प्लेटांवर चालणारे. दुरून पक्षी टिपणे जवळपास अशक्यच. त्यामुळे पक्ष्याच्या निकट जाण्याची विद्या या बंधूंना स्वतःच घडवावी लागली. दोराच्या आधाराने ते कडे उतरले, बैलाच्या कातड्याच्या पोकळ सोंगात दडून बसले. त्यांचे ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे छायाचित्रांनी सजलेले पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडी जमविणे हा प्रतिष्ठित छंद होता, त्या काळात घरटे न मोडताही ते घरी नेता येते, हे त्यांनी दाखवून दिले. १९२८ साली रिचर्ड निवर्तले. आज लांब पल्ल्याच्या लेन्स सहज मिळतात. पक्ष्याला न बिथरवता वाट पाहण्याचा संयम मात्र प्रत्येकाला नव्यानेच शिकावा लागतो.