मुक्या प्राण्यांनी दाखविलेली वाट

छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरसारख्या वस्तीत शाळांना सुट्टी लागली, की घरोघरच्या पडद्यावर बोलणाऱ्या सिंहांचे आणि माशांचे राज्य सुरू होते. 'द लायन किंग'मधला छावा किंवा 'फाइंडिंग नीमो'मधला मासा हिंदीत बोलू लागला, तरी कोणाला नवल वाटत नाही. मुलांच्या निमित्ताने आईवडील आणि आजीआजोबाही तेथे रमतात. पडद्यावरच्या प्राण्याचे हे आकर्षण भारतीय चित्रपटाइतकेच जुने आहे. किंबहुना त्या चित्रपटाच्या जन्माला एक प्राणिपटच निमित्त झाला. ही हकिकत धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांची.

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या फाळके यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी, जादूचे प्रयोग, शिळाप्रेस असे अनेक मार्ग त्यांनी चोखाळले. भागीदारांशी मतभेद होऊन छापखानाही सुटला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती.

१९११ च्या एप्रिलमध्ये ते थोरला मुलगा भालचंद्र याच्यासह गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्राण्यांवरचा एक चित्रपट पाहण्यास गेले. पडद्यावर प्राणी चालतात, हे भालचंद्राने घरी येऊन आईला सांगितले. पण कोणाचाच विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सर्वांना घेऊन पुन्हा गेले. दिवस ईस्टरचे असल्याने त्या दिवशी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. तो पाहताना राम आणि कृष्ण पडद्यावर आणण्याची कल्पना फाळके यांना सुचली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र हे कुटुंब त्या दिवशी चित्रपटगृहात आले होते ते मुलाने पाहिलेल्या प्राण्यांची खातरजमा करण्यासाठी, याचा सहसा विसर पडतो.

या ध्यासाची किंमत मोठी होती. सतत चित्रपट पाहून आणि अहोरात्र प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत येताच आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे रोज एक याप्रमाणे महिन्याहून अधिक काळ चित्रण केले. पडद्यावर ते रोप मिनिटभरात उगवून वाढले. पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, तंत्र शिकून घेतले आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. १९१५ च्या सुमारास फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' मध्ये काड्यांना चालविले. निर्जीव वस्तू किंचित हलवायची आणि प्रत्येक हालचालीचे एकेक चित्र टिपायचे, हे तंत्र पुढील सर्व सचेतपटांच्या मुळाशी आहे.

१९१७ च्या 'लंकादहन'मध्ये गणपत शिंदे यांचा हनुमान आकाशातून उडाला आणि प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. हा हनुमान मात्र मुका होता. त्याचे बोलणे पडद्यावरील पाट्यांतून वाचावे लागे. पंचतंत्र आणि इसापनीतीवर वाढलेल्या मराठी घरांना बोलणारे प्राणी नवे नव्हते. गोष्टीतला प्राणी बोले, पण डोळ्यांना दिसत नसे. पडद्यावरचा दिसे, पण बोलत नसे.

ही उणीव ध्वनीने भरून काढली, पण तोच ध्वनी फाळके यांना महाग पडला. वानरसेनेने बांधलेल्या सेतूची कथा सांगणारा 'सेतुबंधन' त्यांनी मूकपट म्हणून घेतला. तो पूर्ण होण्याआधीच १९३१ मध्ये 'आलमआरा' आला. 'सेतुबंधन' १९३२ मध्ये पडद्यावर आला आणि नंतर त्यावर आवाज चढवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती.

त्यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागाने, डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली, 'द बनियन डिअर' हा सचेतपट पूर्ण केला. कथा जातकातील, नायक एक हरिण. अशाच जातककथांतील हत्ती, हंस आणि वानर बजाजनगरच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पंधरा शतके भिंतीवर उभे आहेत. भिंतीवरच्या त्या चित्रांपासून आजच्या बोलणाऱ्या सिंहापर्यंतचा प्रवास लांबचा आहे. त्यात चित्र हलते करण्याचा सर्वांत खडतर टप्पा आपल्याकडे एका माणसाने डोळे, दागिने आणि विमा पणाला लावून पार केला.