बेंजामिन फ्रँकलिन व त्याची शेगडी

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत थंडीचा कडाका कसा असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे दंव गोठून गवत पांढरें होतें. खालीं कृष्णाकांठीं धुकें इतकें दाट पडतें कीं ऊंसाच्या फडांतील पाऊलवाट दिसत नाहीं. अशा वेळीं कोणाच्या अंगणांत शेकोटी पेटते, कोणी खोलींत कोळशाची शेगडी ठेवतो, कोणी विजेचा हीटर आणतो, तर कोणी चुलीजवळच अंथरूण ओढून घेतो. परंतु थोड्या पैशांत घर उबदार कसें ठेवावें, आणि तें करतांना जिवास अपाय कसा होऊं देऊं नये, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढें असतो. सुमारें पावणेतीनशें वर्षांपूर्वीं या प्रश्नाचा कसून विचार करणारा एक थोर पुरुष अमेरिकेंत होऊन गेला. मेघांतील वीज पतंगाच्या दोरीनें खालीं आणणारा म्हणून त्याचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. घरांत ऊब आणणारा म्हणून मात्र तो फारसा कोणास माहीत नाहीं. त्या बेंजामिन फ्रँकलिनचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजीं बोस्टन शहरीं झाला. त्याच्या बापाचा धंदा चरबीच्या बत्त्या व साबण करण्याचा. घरांत एकंदर सतरा भावंडें. त्यांत बेंजामिन पंधरावा. एवढ्या मोठ्या कुटुंबांत शिक्षणास पैसा कोठून उरणार? अवघीं दोन वर्षें त्यास शाळा लाभली. तेथें अक्षर सुधारलें, पण गणितांत मात्र तो नापास झाला! दहाव्या वर्षीं शाळा सुटली आणि तो बापाच्या हाताखालीं बत्तीच्या वाती कापूं लागला. त्या कामांत मन रमेना, म्हणून बाराव्या वर्षीं वडील भाऊ जेम्स याच्या छापखान्यांत त्यास उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. खिळे जुळवितां जुळवितां त्यास वाचनाचा नाद लागला. सोळाव्या वर्षीं त्यानें मांसाहार सोडला, आपल्या जेवणाच्या खर्चापैकीं निम्मीच रक्कम भावाकडून मागून घेतली, आणि तिच्यांतूनही निम्मे पैसे वांचवून पुस्तकें विकत घेतलीं. ज्या गणितानें शाळेंत दगा दिला होता, तें त्यानें याच काळांत स्वतःच पुस्तक वाचून हस्तगत केलें.

भावाशीं पटेना, तेव्हां १७२३ सालीं सतरा वर्षांचा हा मुलगा घर सोडून फिलाडेल्फियास गेला. खिशांत थोडी नाणीं, अंगावर प्रवासानें मळलेले कपडे. भूक लागली म्हणून त्यानें पावाच्या तीन मोठ्या लाद्या घेतल्या. एक खाल्ली आणि उरलेल्या दोन आपल्याबरोबर नावेंतून आलेल्या एका बाईस व तिच्या मुलास देऊन टाकल्या. पुढें त्याच शहरांत १७२८ सालीं त्यानें छापखाना काढला, १७३१ सालीं वर्गणीनें चालणारें ग्रंथालय स्थापिलें, आणि १७३२ पासून काटकसर व उद्योग यांचा बोध करणारें पंचांग छापण्यास आरंभ केला. तें पंचांग घरोघरीं वाचलें जाऊं लागलें.

फिलाडेल्फियाचा हिवाळा आपल्याकडील हिवाळ्यासारखा नव्हे. त्या काळीं तेथें नदीदेखील गोठून जाई. भिंतींत मोठें अग्निकुंड बांधून त्यावर धुराडें उभारावें आणि त्यांत ओंडके जाळावे, ही तेथील घरांची रीत होती. महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत अशीं अग्निकुंडें आमच्या कांहीं वाचकांनीं पाहिलीं असतील. आगीपुढें बसलेल्या माणसाची छाती भाजे आणि पाठ मात्र गारठे. या थंडीपायीं लोक काय करीत? पेटते निखारे उघड्या फावड्यांत भरून एका खोलींतून दुसरींत नेत. वाटेंत एखादा निखारा जिन्यावर पडला कीं घर पेटे. १७३५ सालीं फ्रँकलिननें आपल्या वृत्तपत्रांत लोकांस याविषयीं सावध केलें, व दुसऱ्याच वर्षीं आगी विझविणारें एक मंडळ उभें केलें.

परंतु आगीपेक्षांही मोठें संकट हळूहळू जवळ येत होतें. शंभर वर्षांपूर्वीं जें लांकूड दाराशीं मिळत असे, तें कित्येक गांवांत आतां सुमारें शंभर मैलांवरून आणावें लागे. सरपणाचा खर्च कुटुंबांस पेलेनासा झाला. श्रीमंतास त्याची फिकीर नव्हती. गरिबानें मात्र अन्नास पैसे द्यावे कीं ऊबेस, असा पेंच पडला.

अशा वेळीं बहुतेक माणसें स्वस्त लांकूड कोठें मिळेल एवढाच विचार करतात. फ्रँकलिननें निराळाच प्रश्न विचारला. जाळलेल्या लांकडाची ऊब जाते कोठें? त्यास असें आढळलें कीं ती बहुतेक सारी धुराड्यांतून आकाशांत निघून जाते. इतकेंच नव्हे, तर वर जाणारी ऊन हवा आपल्या जागीं बाहेरची थंड हवा दाराखिडक्यांच्या फटींतून ओढून घेते. म्हणजे आग जितकी मोठी, तितका खोलींत गार वारा अधिक. घर तापविण्यासाठीं लावलेली आगच घर गार करीत होती!

यावर त्यानें १७४२ च्या सुमारास एक बिडाची शेगडी योजिली. ती भिंतींत न बसवितां खोलींत पुढें काढून ठेवावयाची, म्हणजे तिच्या सर्व बाजू तापून चहूंकडे ऊब पसरावी. आगीच्या मागें त्यानें बिडाची एक पोकळ पेटी बसविली व तिच्यांत नागमोडी वाटा केल्या. जमिनीखालून आलेली बाहेरची ताजी हवा त्या वाटांनीं फिरे, तापे, आणि बाजूच्या भोंकांतून खोलींत येई. धूर मात्र या पेटीच्या वरून जाऊन मागें खालीं उतरे, आपली ऊब पेटीस देई, आणि मग धुराड्यास मिळे. आपल्या गुऱ्हाळांतील चुलवाणाजवळ जो उभा राहिला असेल, त्यास यांतील मर्म सहज कळेल. कुशल चुलवाण्या चिपाडाची आंच वायां जाऊं देत नाहीं. ती सारी काहिलीस कशी लागेल याकडे त्याचें लक्ष असतें.

फ्रँकलिनचा मित्र रॉबर्ट ग्रेस याची लोखंडाची भट्टी होती; तेथें या शेगडीचे पत्रे ओतले गेले. १७४४ सालीं फ्रँकलिननें तिची माहिती देणारी एक पुस्तिका छापली. पूर्वीच्या चौथाई लांकडांत आपली खोली दुप्पट उबदार होते, असा स्वतःचा अनुभव त्यानें तिच्यांत नमूद केला. ती वाचून प्रांताचे गव्हर्नर इतके खूष झाले कीं कांहीं वर्षें ही शेगडी विकण्याचा एकट्याचा हक्क त्यास द्यावयास ते तयार झाले. तो हक्क घेता तर फ्रँकलिन गडगंज झाला असता. परंतु त्यानें तो नाकारला. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण सारे घेतों, तेव्हां आपल्या शोधाचा लाभही लोकांस मोकळेपणानें मिळावा, अशी त्याची धारणा होती. पुढें लंडनच्या एका लोहाराच्या दुकानदारानें शेगडींत किरकोळ फेरफार करून हक्क मिळविला व त्यावर पैसा केला. तरीही फ्रँकलिननें त्याच्याशीं भांडण मांडलें नाहीं.

शेगडी निर्दोष होती असें मात्र नव्हे. धुराचा स्वभाव वर जाण्याचा; त्यास खालीं उतरविण्याची युक्ति धुराडें तापलेलें असेल तेव्हांच साधे, एरवीं खोलींत धूर कोंडे. पुढें इतर कारागिरांनीं तिची रचना सोपी केली. आपल्याकडेही किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं प्रथम लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी शंका शेतकऱ्यांस होती, व ते विकले जाण्यास पुष्कळ काळ लागला. नवी वस्तु लोकांच्या उपयोगी पडावयाची तर ती करणाऱ्याच्या अंगीं धीर लागतो आणि वापरणाऱ्याच्या अंगीं पारख लागते.

ऊबेचा विचार करतांना फ्रँकलिननें ताज्या हवेचा विसर कधीं पडूं दिला नाहीं. १७७६ सालीं इंग्रज सेनापतीकडे बोलणीं करण्यास जातांना एका रात्रीं तो व जॉन अ‍ॅडम्स यांस खाणावळींत एकाच बिछान्यावर निजावें लागलें. अ‍ॅडम्सनें थंडीच्या भयानें खिडकी लावली; फ्रँकलिननें ती उघडावयास लावली, आणि कोंडलेल्या हवेचे दोष सांगूं लागला. तें व्याख्यान ऐकतां ऐकतांच अ‍ॅडम्स झोंपीं गेला! निरनिराळ्या रंगांच्या कापडाचे तुकडे उन्हांत बर्फावर ठेवून काळा तुकडा सर्वांत खोल रुततो व पांढरा जवळजवळ रुतत नाहीं, हेंही त्यानें पाहिलें होतें. म्हणूनच थंडींत गडद व उन्हाळ्यांत पांढरीं वस्त्रें बरीं.

त्याच्या बाकीच्या कर्तृत्वाची येथें केवळ यादीच देतां येईल. १७५२ चा पतंगाचा प्रयोग, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील सही, फ्रान्सच्या दरबारची वकिली, १७८७ च्या राज्यघटनेच्या सभेंतील भाग, हें सर्व त्यानें एकाच आयुष्यांत केलें. एके काळीं त्याच्या घरीं गुलाम होते, हा दोष लपविण्यासारखा नाहीं. पण उतारवयांत तो गुलामगिरी नष्ट करूं पाहणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष झाला. १७८५ सालीं फ्रान्सहून परततांना एकोणऐंशीं वर्षांच्या या म्हाताऱ्यानें जहाजावर बसून काय लिहिलें असेल? धूर कोंडणाऱ्या धुराड्यांचीं कारणें व उपाय! १७ एप्रिल १७९० रोजीं फिलाडेल्फियास त्याचें देहावसान झालें.

आतां या चरित्रापासून आपण आपल्या घरापुरतें काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, ऊब विकत घेण्याआधीं असलेली ऊब कोठून जाते तें पाहावें. दाराखालची फट जुन्या लुगड्याच्या घडीनें बुजविण्यास कांहींच पडत नाहीं. दिवसां ऊन घरांत येऊं द्यावें व सांजेस खिडक्या ओढून घ्याव्या. उंचावरचा एखादा झरोका मात्र उघडा असावा. माणदेशी लोकरीचें घोंगडें आणि आजीच्या हातची गोधडी आपल्याच अंगाची ऊब राखून ठेवतात, व त्यांस सरपण लागत नाहीं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एक हजार वॅटचा हीटर एक तास चालला म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. दोन हजार वॅटचा हीटर रोज पांच तास चालविला तर तीस दिवसांत तीनशें युनिट होतात. हा गुणाकार मुलांनींच करून वडिलांस दाखवावा, आणि हीटर किती वेळ लावावयाचा तें घरांत बसून ठरवावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दारें-खिडक्या लावून पेटती शेगडी खोलींत ठेवून कोणीही निजूं नये. धूर दिसत नाहीं म्हणून निखारे निर्धोक नसतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबडा घटक प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें त्यास धरून ठेवतो. डोकें जड होतें, गुंगी येते, आणि निजलेला माणूस पुन्हां उठत नाहीं. या वायूची खरी ओळख रसायनशास्त्रास १८०० सालीं पटली. तत्पूर्वीं दहा वर्षें फ्रँकलिन निवर्तला होता. आपल्यास तें ज्ञान आहे, आणि तरीही भारतांत अनेक हिवाळ्यांत बंद खोलींतील शेगडीनें माणसें दगावल्याच्या वार्ता येतात. शेगडी पेटवावयाची तर ती अंगणांत किंवा उघड्या पडवींत पेटवावी, आणि निजण्यापूर्वीं बाहेरच पाणी घालून विझवावी.

आज रात्रीं घरीं गेल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें एक काम करावें. पेटती उदबत्ती प्रत्येक दाराच्या फटीशीं जपून धरावी, आणि धूर कोणीकडे वळतो तें पाहावें. घराची ऊब कोठून जाते तें धूरच दाखवून देईल, आणि फ्रँकलिननें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आपापल्या घरापुरतें ज्याचें त्यास मिळेल.