विठ्ठल रामजी शिंदे यांचे धर्माध्ययन

हिंदुस्थानातील पहिली तीन विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, तेव्हा धर्म हा विषय त्यांच्या अभ्यासक्रमातून बुद्ध्याच वगळण्यात आला. राज्यकर्त्यांचे धर्माबाबतचे तटस्थतेचे धोरण हे त्याचे कारण. त्याचा परिणाम असा झाला की, पुढच्या दोन-तीन पिढ्यांतील पदवीधरांनी मिल्ल आणि स्पेन्सर मनापासून वाचले, परंतु ज्या धर्मसंस्थांमध्ये त्यांचे स्वतःचे जीवन मुरलेले होते, त्यांचा शास्त्रशुद्ध विचार त्यांनी वर्गात कधीच केला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्या मोजक्या तरुणांनी समुद्र ओलांडला, त्यांत विठ्ठल रामजी शिंदे यांचे स्थान वेगळे आहे.

२३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी या कन्नड मुलखातील मराठी संस्थानात त्यांचा जन्म झाला. वडील रामजी बसाप्पा हे पंढरीचे वारकरी. घरात अभंगांचा नाद आणि दारिद्र्य यांची एकत्र वस्ती होती. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेल्या या मुलाला शब्दांच्या मुळाशी जाण्याची खोड बहुधा तेथेच लागली असावी. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली ते पदवीधर झाले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती नसती तर तेही घडले नसते. कॉलेजातील वाचनाने घरची श्रद्धा डळमळली, पण नुसत्या अज्ञेयवादावर त्यांचे मन रमेना. मॅक्स म्यूलर यांचे लेखन आणि रानडे-भांडारकरांचा प्रार्थनासमाज यांनी त्यांना धर्माकडे परत आणले. मात्र हे परतणे जुन्या वाटेने झाले नाही. कायद्याचा अभ्यास अर्धाच टाकून त्यांनी धर्मप्रचारकाचे जीवन पत्करले.

युनिटेरियन पंथाचे अमेरिकन उपदेशक जे. टी. संडरलंड १८९५-९६ साली हिंदुस्थानात येऊन गेले होते. ब्राह्म व प्रार्थना समाजांतील तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षण घेता यावे, अशी शिष्यवृत्तीची योजना त्यांच्या भेटीतून निघाली. १९०१ साली ही शिष्यवृत्ती शिंद्यांना मिळाली. प्रवासखर्चाचा भार पुन्हा सयाजीरावांनीच उचलला. पत्नीला मागे ठेवून सप्टेंबर महिन्यात ते मुंबईहून निघाले.

ज्या संस्थेत ते गेले तिचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी मतभेद असणाऱ्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद असल्याने १७८६ साली मँचेस्टर शहरात ही पाठशाळा निघाली. पुढे यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, नंतर लंडन अशी फिरत ती १८८९ साली ऑक्सफर्डला आली. १८७१ च्या कायद्याने विद्यापीठातील बहुतेक धार्मिक अटी उठल्या होत्या. तथापि ईश्वरविद्येच्या उच्च पदव्या १९२० पर्यंत राजमान्य चर्चच्या दीक्षितांसाठीच राखीव होत्या. विशिष्ट मताचा आग्रह न धरता धर्मविद्या शिकवावी, हे मँचेस्टर कॉलेजचे ब्रीद होते. अध्यापक वा विद्यार्थी यांच्याकडून तेथे कोणतीही मतप्रतिज्ञा घेतली जात नसे. स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मात्र त्या कॉलेजला नव्हता. म्हणजे शिंदे ज्या विद्येसाठी सहा हजार मैल गेले, तिला बाजारात किंमत आणणारे कोणतेही बिरुद तेथे मिळणार नव्हते.

जेम्स ड्रमंड हे त्या वेळी कॉलेजचे प्राचार्य होते. चार्ल्स अप्टन तत्त्वज्ञान शिकवीत, तर एके काळी कॅथलिक धर्मगुरू असलेले विल्यम अ‍ॅडिस ‘जुना करार’ शिकवीत. परंतु शिंद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे अध्यापक म्हणजे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. या घराण्याचे हिंदुस्थानाशी जुने नाते होते. ब्रिस्टलला राममोहन रॉय यांचे स्वागत करणारे लँट कार्पेंटर हे त्यांचे आजोबा, आणि हिंदुस्थानात चार वेळा येऊन स्त्रीशिक्षणासाठी खटपट करणाऱ्या मेरी कार्पेंटर या त्यांच्या आत्या. स्वतः एस्टलिन १८७५ पासून या कॉलेजात शिकवीत होते. पाली भाषेचे ते जाणकार होते. र्‍हिस डेव्हिड्स यांच्यासह ते दीघनिकायाची संहिता सिद्ध करीत होते, आणि तिचा दुसरा खंड शिंदे ऑक्सफर्डला असतानाच, १९०३ साली, बाहेर पडला.

त्याच कार्पेंटरांनी १९०० साली बायबलच्या आरंभीच्या सहा ग्रंथांची पृथक्करण केलेली आवृत्ती सिद्ध केली होती. निरनिराळ्या काळांतील, निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेले थर एका पवित्र ग्रंथात कसे एकावर एक बसतात, हे तीत दाखवले होते. या पद्धतीचे मर्म शिंद्यांनी नेमके उचलले. ज्या ग्रंथाला गुरू स्वतः पूज्य मानतो, त्याच ग्रंथाची तो इतक्या निर्ममतेने छाननी करतो आणि तरीही त्याची भक्ती आटत नाही, हा अनुभव हिंदुस्थानातील तरुणाला नवाच होता. आपल्याकडे श्रुतीला हात लावणारा एक तर नास्तिक ठरे, नाही तर मिशनऱ्यांचा हस्तक. भक्ती आणि चिकित्सा एकाच माणसात नांदू शकतात, हे शिंद्यांनी ऑक्सफर्डमध्ये पाहिले. तेथल्या दोन वर्षांची खरी कमाई हीच म्हणावी लागेल. बाकीचे ग्रंथज्ञान मुंबईतही मिळाले असते.

१९०३ च्या सप्टेंबरात अ‍ॅमस्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून शिंदे त्याच वर्षी मायदेशी परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले.

समाजाला त्यांच्याकडून व्याख्याने, उपासना आणि तरुणांचे वर्ग यांची अपेक्षा होती. ते सारे त्यांनी केले. परंतु धर्म समाजात प्रत्यक्ष कसा वागतो हे पाहण्याची जी सवय लागली होती, ती त्यांना सभागृहात बसू देईना. प्रवासात महार-मांगांच्या वस्त्या पाहून त्यांनी अस्पृश्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले. परळच्या पहिल्या शाळेपासून सुरू झालेले हे काम पुणे, हुबळी आदी ठिकाणी पसरले. प्रार्थनासमाजाशी त्यांचा प्रचारक म्हणून असलेला संबंध मात्र १९१० साली सुटला. सुशिक्षितांच्या उपासनामंदिराला इतका खडबडीत धर्म पेलणे अवघडच होते.

त्यांच्या भूमिकेची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. अस्पृश्यता हा मुळात धर्माचा आणि मनाचा रोग आहे, अशी त्यांची धारणा होती; त्यामुळे राजकीय विभक्ततेला त्यांचा विरोध राहिला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळातील निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत, या मिशनच्या सूचनेचा १९२० साली नागपूरच्या अस्पृश्य परिषदेने स्पष्ट निषेध केला. तरुण भीमराव आंबेडकर त्यात पुढे होते. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांच्याकडूनच हा प्रहार व्हावा, हे शिंद्यांना फार लागले. परंतु न्याय पाहू जाता आक्षेप निराधार नव्हता. आपला प्रतिनिधी दुसऱ्याने निवडावा, हे कोणताही स्वाभिमानी समाज मान्य करणार नाही. धर्माचा अभ्यास अंतःकरणाचा पालट दाखवू शकतो. मतपेटीचा हक्क ही त्याहून निराळी गोष्ट आहे.

ऑक्सफर्डच्या अध्ययनाचे ग्रंथरूप फलित तीस वर्षांनी हाती आले. मधल्या काळात १९२७ साली त्यांनी ब्रह्मदेशाचा प्रवास केला. तेथील पॅगोडांना वाहिलेल्या वंशपरंपरागत दासांची स्थिती त्यांनी पाहिली, आणि जातिभेद नसलेल्या बौद्ध देशातही बहिष्कृत वर्ग असू शकतो याची नोंद घेतली. मिठाच्या सत्याग्रहात १९३० साली येरवड्याचा तुरुंगवास झाला आणि प्रकृती ढासळली. अशा स्थितीत १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेद, स्मृती आणि बौद्ध वाङ्मय यांतील उल्लेख त्यात कालानुक्रमाने तपासलेले आहेत. जातिनामांची व्युत्पत्ती द्राविडी भाषांपर्यंत नेऊन पाहिलेली आहे, आणि ग्रंथात जे नाही ते गावोगाव फिरून विचारलेले आहे. त्यातील काही व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत. परंतु अस्पृश्यतेला दैवी आज्ञा वा पूर्वकर्माचे फळ न मानता, तिला जन्म असलेली, वाढ असलेली आणि म्हणून अंत असू शकणारी एक ऐतिहासिक घटना म्हणून तपासण्याचा मराठीतील हा भक्कम प्रयत्न होता. बायबलचे थर वेगळे करणाऱ्या वर्गात ही दृष्टी तयार झाली होती. जमखंडीच्या वारकऱ्याच्या मुलाने ती महारवाड्याच्या इतिहासाला लावली.

२ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मँचेस्टर कॉलेज ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पूर्ण घटक होण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. ते १९९६ साली झाले.