पोर्तागो आणि गुइदित्सोलोचा रस्ता

झाशीहून मऊरानीपूरकडे जाणारा रस्ता आमच्या बरुआसागरातून जातो. आल्याची पोती, शाळकरी मुले आणि भरधाव मोटारी त्या एकाच वाटेवर दिसल्या, की मला अल्फोन्सो दे पोर्तागो या स्पॅनिश उमरावाचे स्मरण होते.

त्यांचा जन्म १९२८ साली लंडनमध्ये झाला. स्पेनचे राजे तेरावे अल्फोन्सो हे त्यांचे धर्मपिता. तारुण्यात त्यांनी ग्रँड नॅशनलसारख्या अवघड शर्यतीत घोडा घातला. १९५६च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील घसरगाडीच्या स्पर्धेत त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या अवघ्या १४ शतांशांनी हुकले. त्याच वर्षी फेरारीच्या चमूतून ब्रिटिश ग्रांप्रीमध्ये दुसरे स्थान आले, तेही वाटून घेतलेले. शर्यत चालू असता गाडी सहकारी पीटर कॉलिन्स यांच्या स्वाधीन करावी लागली होती. तेव्हाच्या नियमांना ते मान्य होते. ग्रांप्री शर्यती त्यांच्या वाट्याला जेमतेम पाच आल्या.

१२ मे १९५७ रोजी ते मिल्ले मिल्या शर्यतीत उतरले. ब्रेशियाहून रोम आणि परत, सुमारे १६०० किलोमीटर, तेही सार्वजनिक रस्त्यांवरून. अखेरच्या टप्प्यात गुइदित्सोलो गावाजवळ टायर फुटला. पोर्तागो व त्यांचे सहचालक एडमंड नेल्सन जागीच गेले. कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही दगावले. त्यांपैकी पाच मुले होती. पोर्तागो २८ वर्षांचे होते.

इटलीच्या सरकारने खुल्या रस्त्यांवरील अशा शर्यती बंद केल्या. एन्झो फेरारी यांच्यावर खटला गुदरला आणि १९६१मध्ये ते निर्दोष सुटले. वाद टायरभोवती फिरत राहिला. मला मात्र तो प्रश्न दुय्यम वाटतो. १९३८ साली याच शर्यतीत बोलोन्यात प्रेक्षक मेले होते, शर्यत थांबवलीही होती. युद्धानंतर ती पुन्हा रस्त्यावर आली. मुलांना गाडीच्या वाटेवर उभे राहू देणारी परवानगी कोणी ना कोणी दिलीच असणार.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावण्यास मनाई करते. सेवेत असताना मोटारसायकल शर्यतीचा एक प्रस्ताव माझ्या मेजावर आला होता. बक्षिसे, मंडप, पाहुणे, सगळे त्यात तपशीलवार होते. प्रेक्षक कुठे उभे राहणार, एवढेच मी समासात लिहून विचारले. ती फाइल परत आली नाही.