लाकडी बाकावर दोन इंच फोम घालणारे रेल्वेमंत्री मधु दंडवते

गोंदिया : गोंदियात थांबणारी मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस आपल्याकडे कोणाला माहीत नाही? ही गाडी सुरू झाली २६ डिसेंबर १९७७ ला. तेव्हा रेल्वेमंत्री होते प्रा. मधु दंडवते. सुरुवातीला या गाडीला फर्स्ट क्लास नव्हताच, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. जलद गाडी म्हणजे पैसेवाल्यांची, ही समजूत तिथं मोडली. (एसी डबे तिला नंतर लागले, ती गोष्ट वेगळी.)

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे. पक्के समाजवादी. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात उतरले. १९७१ पासून कोकणातल्या राजापूरमधून सलग पाच वेळा खासदार झाले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. सुटून आले आणि मार्च १९७७ मध्ये जनता सरकारात रेल्वे खातं हाती आलं.

त्याआधी तीन वर्षं, १९७४ मध्ये, थर्ड क्लास बंद झाला होता. पण बदललं ते नाव. बसायला-झोपायला तीच लाकडी फळी. रात्रभर त्यावर पाठ टेकली की सकाळी अंग आंबून जायचं. दंडवते यांनी या बर्थवर दोन इंच जाडीचा फोम घालायला लावला. आधी मोठ्या मार्गांवरच्या गाड्यांत, मग हळूहळू सगळीकडे. आज स्लीपरमध्ये गादीवर झोपणाऱ्याला यात विशेष काय ते कळणार नाही. पण रेल्वेला सगळ्यात जास्त प्रवासी देणारा माणूस याच डब्यात बसतो, त्याला आराम दिला तर तो गाडीकडे वळतो, एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला. नवे रूळ नाहीत की नवं इंजिन नाही, तरी प्रवास बदलला.

तिकीट खिडकीवरचा काळाबाजार थांबावा म्हणून कॉम्प्युटरवर रिझर्व्हेशन करायचा विचारही त्यांच्याच काळात पुढे आला. तो प्रत्यक्षात यायला ऐंशीच्या दशकाचा मध्य उजाडला.

मे १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना त्यांनी परत कामावर घेतलं. गोंदियासारख्या रेल्वेच्या गावात या निर्णयाचं मोल वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं सव्वादोन वर्षांत. जुलै १९७९ ला सरकार पडलं. पुढे १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. दोघांनी मिळून रखडलेली कोकण रेल्वे मार्गी लावली. १९९१ ला मात्र त्याच कोकणानं त्यांना पाडलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, ती त्यांना पाहता आली.

१२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला.