वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२ - ८ एप्रिल १९५३) हे भारतीय उद्योजक आणि भारतीय व्यापारी संघटनांचे एक प्रमुख संघटक होते. आधुनिक भारतीय नौकानयन, विमानबांधणी, जहाजबांधणी आणि मोटारनिर्मिती या उद्योगांच्या पायाभरणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. परकीय सत्तेच्या काळात व्यापारी व कारखानदार यांच्या मागण्या कायदेमंडळापर्यंत आणि लोकमतापर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांनी प्रांतिक व अखिल भारतीय पातळीवर संघटनात्मक कार्य केले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेचे ते संस्थापक आणि पहिले अध्यक्ष होते.

प्रारंभिक जीवन

वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे एका गुजराती भाषक दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडिलांचा कापूस व सावकारीचा व्यवसाय होता. शालेय शिक्षण सोलापुरात झाल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेतले. परंतु पदवी पूर्ण न करताच ते व्यवसायात उतरले. घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेच्या नोकरीचा अनुभव असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेण्यास आरंभ केला. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे या भागीदारीचे सुरुवातीचे काम होते. पुढे टाटा समूहाबरोबर स्थापन झालेल्या बांधकाम कंपनीने बोरघाटातील रेल्वे बोगद्यांसारखी अवघड कामे पूर्ण केली. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली.

सरकारी कंत्राटांच्या या अनुभवाचा त्यांच्या पुढील कार्यावर परिणाम झाला. निविदा, दर, वाहतूक आणि मंजुरी यांविषयीचे निर्णय कोठे व कोण घेते, हे त्यांना जवळून पाहता आले. युरोपीय व्यापाऱ्यांच्या संघटना सरकारदरबारी एकमुखाने बोलत असत, तर भारतीय व्यापारी बहुधा एकेकट्याने अर्ज करीत. हा फरक दूर करणे हे पुढे त्यांच्या सार्वजनिक कार्याचे एक उद्दिष्ट बनले.

सिंदिया कंपनी आणि दरयुद्ध

पहिल्या महायुद्धानंतर वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानिकांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे कंपनीचे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले.

भारताच्या किनारी वाहतुकीवर त्या काळी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. नव्या स्पर्धकाला हटविण्यासाठी तिने भाड्याचे दर मोठ्या प्रमाणात उतरविले. याखेरीज, लांबणीवर टाकलेल्या सवलतीची पद्धतही रूढ होती. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग कंपनी स्वतःकडे ठेवी आणि ठरावीक मुदतीत त्याने दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून माल पाठविला नाही, तरच ती रक्कम परत करी. त्यामुळे सिंदियाचे दर कमी असले, तरी आधीची रक्कम बुडण्याच्या भीतीने व्यापारी तिच्याकडे वळण्यास कचरत. १९२३ मध्ये सिंदियाने प्रतिस्पर्ध्यांशी दहा वर्षांचा करार केला. या कराराने कंपनी टिकली. परंतु तिच्या जहाजांच्या एकूण क्षमतेवर आणि व्यवसायाच्या क्षेत्रावर मर्यादा आल्या. केवळ बाजारातील स्पर्धेने हा प्रश्न सुटणार नाही, त्यासाठी कायदा बदलावा लागेल, अशी भूमिका यानंतर अधिक ठामपणे मांडली जाऊ लागली.

व्यापारी संघटनांची बांधणी

मुंबईत युरोपीय व्यापाऱ्यांचे प्राबल्य असलेली बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था १८३६ पासून कार्यरत होती. भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबरची स्थापना केली. १९१९ च्या सुधारणांनंतर भारतीय व्यापारी संस्थांना कायदेमंडळात प्रतिनिधी पाठविण्याची संधी मिळाली. वालचंद यांनी या चेंबरचे अध्यक्षपद भूषविले.

मुंबई शहरातील मोठ्या व्यापाऱ्यांच्या संस्थेत जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांचे प्रश्न पुरेसे मांडले जात नाहीत, याची जाणीव सोलापूरच्या पार्श्वभूमीमुळे वालचंद यांना होती. रेल्वेचे भाडे, बाजारपेठा आणि लहान कारखानदारी यांविषयीच्या मराठी भाषक प्रदेशातील अडचणी वेगळ्या होत्या. या हेतूने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. हीच संस्था पुढे उद्योग व कृषी या क्षेत्रांचा समावेश करून विस्तारली.

त्याच वर्षी पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि घनश्यामदास बिर्ला यांच्या पुढाकाराने देशभरातील भारतीय व्यापारी संस्थांचा महासंघ अस्तित्वात आला. त्याची रचना संघीय होती. ठिकठिकाणच्या चेंबर व व्यवसायनिहाय संघटना त्याच्या सदस्य होत्या. स्थानिक तक्रारीला प्रांतिक संस्थेने मागणीचे रूप द्यावे आणि ती मागणी महासंघाने मध्यवर्ती सरकारपुढे मांडावी, असा क्रम त्यामुळे शक्य झाला. वालचंद स्थानिक चेंबर, व्यवसायनिहाय संघटना आणि महासंघ या तिन्ही स्तरांवर कार्यरत होते. भारतीय मालकीच्या जहाज कंपन्यांची स्वतंत्र संघटना उभारण्यातही त्यांचा सहभाग होता.

किनारी वाहतुकीच्या आरक्षणाची मोहीम

भारतीय बंदरांमधील परस्पर वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही नौकानयन क्षेत्राची प्रमुख मागणी होती. सरकारने नेमलेल्या व्यापारी नौदल समितीने १९२४ मध्ये या तत्त्वाला अनुकूल शिफारस केली. परंतु सरकारने ती अमलात आणली नाही. त्यानंतर सिंदिया कंपनीशी संबंधित असलेले साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक राखीव ठेवण्यासंबंधीचे विधेयक मांडले. लांबणीवर टाकलेल्या सवलतीची पद्धत बंद करण्यासाठीही त्यांनी स्वतंत्र विधेयक आणले.

या मोहिमेत कंपनीचे गाऱ्हाणे हे राष्ट्रीय धोरणाच्या प्रश्नाच्या स्वरूपात मांडण्यात आले. अनेक सागरी देशांनी आपली किनारी वाहतूक स्वतःच्या जहाजांसाठी राखली आहे, भाड्यापोटी मोठी रक्कम देशाबाहेर जाते आणि भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकाराच्या जागांचे प्रशिक्षण मिळत नाही, हे मुद्दे पुढे करण्यात आले. पुस्तिका, वृत्तपत्रांतील लेख, व्यापारी संस्थांचे ठराव आणि कायदेमंडळातील सदस्यांना पुरविलेली माहिती ही मोहिमेची साधने होती. ब्रिटिश कंपन्यांनी आणि युरोपीय व्यापारी संघटनांनी हे विधेयक वांशिक भेदभाव व मालमत्तेचे अपहरण करणारे असल्याचा प्रतिवाद केला.

नोव्हेंबर १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले. जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी दोन्ही पक्षांची परिषद दिल्लीत बोलावली. परंतु तडजोड होऊ शकली नाही आणि विधेयकाचा कायदा झाला नाही.

यानंतर हा वाद घटनात्मक चर्चेत पोहोचला. भावी राज्यघटनेत ब्रिटिश कंपन्यांना समान हक्कांची हमी मिळावी, अशी मागणी ब्रिटिश व्यापारी संस्थांनी केली. महात्मा गांधींनी १९३१ मध्ये ‘यंग इंडिया’तून आणि दुसऱ्या गोलमेज परिषदेत या मागणीला विरोध केला. तरीही १९३५ च्या कायद्यात व्यापारी भेदभावाला मनाई करणारी कलमे समाविष्ट झाली. त्यांमुळे आरक्षणाचा कायदा करण्याचा मार्ग स्वातंत्र्यापर्यंत बंद झाला.

महासंघाचे अध्यक्षपद

१९३२-३३ मध्ये वालचंद भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्ष होते. जागतिक मंदी, रुपयाचा विनिमय दर, सोन्याची निर्यात आणि साम्राज्यांतर्गत सवलतीच्या जकातीचा ओटावा करार हे त्या काळातील वादाचे विषय होते. ओटावा कराराला महासंघाचा विरोध होता. सविनय कायदेभंगाच्या त्या काळात व्यापारी वर्गातही मतभेद होते. सरकारशी सहकार्य करून सवलती मिळवाव्यात, असे काहींना वाटे. तर काहींना राष्ट्रीय चळवळीपासून दूर राहणे आत्मघातकी वाटे. वालचंद यांचा कल दुसऱ्या बाजूकडे होता. मात्र सरकारशी वाटाघाटी करण्याचे मार्ग त्यांनी बंद केले नाहीत.

युद्धकालीन उद्योग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नव्या उद्योगांना हात घातला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी जलावतरण केले. मोटारनिर्मितीसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर आणि नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे त्यांनी साखर उद्योग व मोठी शेती उभी केली.

मूल्यमापन

वालचंद यांच्या सार्वजनिक कार्यावर टीकाही झाली. किनारी वाहतुकीच्या आरक्षणाचा सर्वाधिक लाभ सिंदिया कंपनीलाच झाला असता, त्यामुळे राष्ट्रहित आणि कंपनीहित यांची सीमारेषा या मोहिमेत पुसट होती. परकीय मक्तेदारीविरुद्ध लढणारी ही कंपनी पुढे स्वतः मोठी झाली आणि कोकण किनाऱ्यावर प्रवासी वाहतूक करणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही तिच्या नियंत्रणाखाली आली. संरक्षणाचा भार अखेर ग्राहकावर पडतो, हा आक्षेपही घेतला जात असे.

दुसरीकडे, त्यांनी आपला हितसंबंध लपविला नाही आणि मागणी उघड ठराव व विधेयकांच्या मार्गाने पुढे नेली. विधेयक मंजूर झाले नाही. परंतु त्या निमित्ताने जमविलेली माहिती, तयार झालेले लोकमत आणि उभ्या राहिलेल्या संस्था टिकून राहिल्या. १९४७ मध्ये नौकानयन धोरणविषयक समितीने किनारी वाहतूक पूर्णपणे भारतीय जहाजांसाठी राखण्याची शिफारस केली आणि १९५० नंतर ती प्रत्यक्षात आली. जवळजवळ पाव शतक अपयशी ठरलेली मागणी राज्यकर्ते बदलताच धोरण बनू शकली, यामागे या पूर्वतयारीचा मोठा वाटा होता.

अखेरचा काळ आणि वारसा

१९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर वालचंद यांनी १९५० मध्ये व्यवसायातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. गं. दे. खानोलकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. ‘लॉयल्टी’ जहाज ज्या दिवशी मुंबईहून निघाले, तो ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.